भट्टी बंद, आच चालू

१९६९ साली यवतमाळहून मूर्तिजापूरला निघालेला माणूस शकुंतलेत बसायचा. अरुंद रुळांवरची ही गाडी ओढायला १९२१ साली मँचेस्टरात घडवलेलं वाफेचं इंजिन होतं आणि ते पुढे १९९४ पर्यंत राबलं. त्याच १९६९ च्या २८ ऑक्टोबरला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अरबी समुद्राच्या काठी तारापूरला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलं. एक यंत्र इंग्रजांच्या आमदानीतलं, दुसरं अणुयुगातलं. काम मात्र दोघांचं एकच. पाणी तापवायचं, वाफ करायची आणि वाफेच्या जोरावर चाक फिरवायचं.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा थोडा हिरमोडच होतो. अणू फोडला की त्यातून सरळ वीज निघत असेल, अशी आपली समजूत असते. तसं काही होत नाही. अणू फुटला की निघते ती उष्णता. पुढचं सगळं, म्हणजे वाफ, टर्बाइन, जनित्र, तारा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात आहे तसंच. फरक फक्त चुलीत काय घातलंय याचा. आश्चर्य सगळं तिथे आहे, आणि धोकाही तिथेच.

आधी आश्चर्य. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या. त्यांचं इंधन म्हणजे अर्धा मीटर लांबीचा एक जुडगा. त्यात ३७ बारीक नळ्या, नळ्यांत बोटाच्या पेराएवढ्या काळ्या वड्या ठासून भरलेल्या. वजन सुमारे २४ किलो. पांढरकवड्याहून आदिलाबादकडे जाणारा रस्ता सरळ दक्षिणेला जिथे पोहोचतो, त्या हैदराबादेतल्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये हे जुडगे बनतात. नवा कोरा जुडगा हातमोजे घालून माणूस उचलू शकतो, कारण खाणीतून निघालेलं साधं युरेनियम फार मंदपणे किरणं सोडतं. भट्टीत अशा जुडग्यांसाठी ३९२ आडव्या नळ्या असतात. एकेका नळीत १३ जुडगे, म्हणजे सगळे मिळून ५,०९६.

एक जुडगा साधारण वर्षभर आत राहतो. तेवढ्यात त्याच्या उष्णतेतून ढोबळ हिशेबाने नऊ लाख युनिट वीज निघते. महिन्याला शंभर युनिट जाळणारी साडेसातशे घरं त्यावर वर्षभर चालतील. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर सहाशे टन कोळसा लागतो. उकणी, घोन्सा, कोलारपिंप्रीच्या खाणींतून वेकोलिचा कोळसा भरून निघालेल्या मालगाड्या वणीकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्यातल्या दहा वाघिणी म्हणजे हा एक जुडगा. (जाता जाता: जगभरच्या कोळशातही टनामागे साधारण एक ते चार ग्रॅम युरेनियम असतंच. त्या दहा वाघिणींतलं अर्धा-एक किलो किंवा त्याहून जास्त युरेनियम राखेबरोबर राखेच्या बंधाऱ्यात जातं आणि त्याची कुणी बातमी करत नाही.)

एवढी ताकद येते कुठून? कोळसा जळतो तेव्हा अणू फक्त आपले जोडीदार बदलतात, अणूचा गाभा जागचा हलत नाही. युरेनियममध्ये गाभाच दुभंगतो. पण प्रत्येक युरेनियमचा नाही. हजार अणूंतले सातच, युरेनियम-२३५ जातीचे, सहज फुटतात. न्यूट्रॉन त्यांच्यावर आदळला की गाभ्याचे दोन तुकडे होतात, उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे नवे न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटरच्या वेगाने सुटतात, आणि एवढा वेग उपयोगाचा नाही. पुढचा गाभा फोडण्यासाठी त्यांचा वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरपर्यंत उतरावा लागतो. घाईत असलेला न्यूट्रॉन युरेनियम-२३५ ला बहुतेक वेळा चुकवून जातो.

वेग उतरवण्याचं काम पाणी उत्तम करतं. अडचण अशी की साधं पाणी न्यूट्रॉनला थोपवता थोपवता त्यातले बरेच गिळूनही टाकतं. हजारात सातच फुटणारे अणू असताना ही गळती परवडत नाही. त्यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण कारखान्यात वाढवून घ्यायचं आणि साधंच पाणी वापरायचं. तारापूरच्या पहिल्या दोन अमेरिकी भट्ट्या अशा आहेत. दुसरा म्हणजे युरेनियम आहे तसंच ठेवायचं आणि पाणी बदलायचं. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत हे केलंय. त्यांत जड पाणी आहे, ज्याच्या हायड्रोजनच्या गाभ्यात एक न्यूट्रॉन आधीच बसलेला असतो, त्यामुळे आणखी गिळण्याची त्याला फारशी हाव नसते.

जड पाणी कुणी बनवत नाही, ते वेचून काढावं लागतं. जगातल्या कुठल्याही पाण्यात, यवतमाळच्या नळाच्या पाण्यातही, साडेसहा हजार हायड्रोजनांमागे एक जड असतो. वीस लिटरच्या बादलीतलं सगळं जडपण एकत्र केलं तर अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त भरेल. आणि इथे यवतमाळचा या उद्योगाशी थेट संबंध येतो. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरीच्या काठी तेलंगणात मणुगुरूला जड पाण्याचा कारखाना आहे. तिथे नदीचं पाणी हायड्रोजन सल्फाइड वायूबरोबर गरम आणि थंड मनोऱ्यांतून पुन्हा पुन्हा फिरवून त्यातला जड अंश गोळा करतात. उमरखेड-महागावच्या शिवारात पडलेल्या पावसाचे काही थेंब आज कुठल्या तरी भट्टीच्या पोटात असणार, असं म्हणायला काहीच हरकत नाही.

आता या विषयातली मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट. न्यूट्रॉनच्या एका पिढीतून दुसरी पिढी जन्मायला जड पाण्याच्या भट्टीत जेमतेम एक हजारांश सेकंद लागतो. प्रत्येक पिढीत हजारामागे एकच न्यूट्रॉन वाढला, तरी सेकंदाभरात भट्टीची ताकद पावणेतीनपट होईल. कुठलंही यंत्र, कुठलाही माणूस एवढ्या वेगाशी बरोबरी करू शकत नाही. मग भट्ट्या चालतात कशा? निसर्गाने एक फट ठेवली आहे म्हणून. फुटीतून येणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी शंभरात एकाहूनही कमी, साधारण ०.६५ टक्के, लगेच बाहेर पडत नाहीत. फुटलेल्या तुकड्यांपैकी काही नंतर निवळतात, कधी सेकंदाभराने, कधी मिनिटाने, आणि तेव्हा हे उशिराचे न्यूट्रॉन सुटतात. भट्टी अशी बेतलेली असते की या मागून येणाऱ्यांवाचून साखळी टिकूच नये. त्यामुळे सगळी साखळी त्यांच्या सवडीने चालते आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाला, त्याच्या यंत्रांना, हात हलवायला वेळ मिळतो. जगातली सगळी अणुवीज या ०.६५ टक्क्यावर उभी आहे. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलला हीच मर्यादा ओलांडली गेली आणि काही सेकंदांत सगळं हाताबाहेर गेलं. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांनाही एक खोड आहे. नळ्यांतलं पाणी उकळून वाफ झालं तर साखळी मंदावत नाही, उलट थोडी जोर धरते. म्हणूनच त्यांत थांबवण्याच्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एकीत चुंबकाने वर धरलेल्या कॅडमियमच्या कांड्या वीज गेली की आपसूक खाली पडतात. दुसरीत गॅडोलिनियमचं द्रावण जड पाण्यात मारलं जातं. दोन-तीन सेकंदांत साखळी तुटते.

इथवर आलं की वाटतं, झालं, थांबली. साखळी थांबली हे खरं, पण आच थांबत नाही.

वणी भागात कोळशाचे ढीग आपोआप धुमसतात, हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण तो धूर हवेच्या जोरावर असतो. ढीग पसरला, दाबला, हवा तोडली, पाणी मारलं की आज ना उद्या विझतो. फुटलेल्या युरेनियमचे तुकडे विझत नाहीत. सीझियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम अशा शेकडो प्रकारचे अस्थिर अणू जुडग्यात साचलेले असतात. ते आपल्या वेळापत्रकाने निवळत राहतात आणि प्रत्येक निवळणीत थोडी उष्णता सोडतात. त्यांना हवा लागत नाही, न्यूट्रॉन लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. ही उष्णता थांबवण्याचं बटण जगात कुणी बनवलेलं नाही.

हीच क्रिया संथ गतीने आपल्या पायाखाली चालू आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीला लागून, पैनगंगेच्या काठी, किनवट तालुक्यात उनकेश्वरची गरम पाण्याची कुंडं आहेत. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून ती काढली अशी कथा सांगतात आणि कातडीच्या दुखण्यासाठी लोक तिथे अंघोळीला जातात. असे झरे तापतात ते पाणी जमिनीत खोल उतरून परत वर येतं म्हणून. आणि पृथ्वीच्या पोटातून बाहेर येणाऱ्या उष्णतेचा साधारण निम्मा वाटा खडकांतलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम निवळण्याचा आहे. साडेचार अब्ज वर्षं झाली, तरी ती आच संपलेली नाही.

भट्टीतली आच किती असते ते पाहू. ५४० मेगावॉट वीज द्यायला सुमारे १,७०० मेगावॉट उष्णता लागते, उरलेली समुद्रात जाते. भट्टी थांबवल्याच्या क्षणी यातली सहा-सात टक्के चालूच राहते, म्हणजे शंभर मेगावॉटच्या वर. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर. अर्धा टक्का ऐकायला क्षुल्लक, पण ते आठ मेगावॉट झाले. एवढी आच नुसतं पाणी उकळून काढायची तर दर तासाला दहा-बारा हजार लिटर पाण्याची वाफ करावी लागेल. म्हणजे बंद पडलेल्या, एक युनिटही वीज न देणाऱ्या भट्टीला दुसऱ्या दिवशी तासाला एक टँकर लागतो, रात्रीसुद्धा. आठवड्याने तो दोन तासांना एक होतो. पण चुकवून चालत नाही.

चुकला तर काय होतं ते ११ मार्च २०११ ला जपानात फुकुशिमाला दिसलं. भूकंप झाला तेव्हा भट्ट्या शिस्तीत थांबल्या होत्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली. पाऊण-एक तासाने त्सुनामीचं पाणी आलं आणि तळघरातली जनित्रं बुडाली. पंप थांबले, पाणी उकळून आटलं, जुडग्यांवरचं झिर्कोनियमचं आवरण वाफेशी भिडलं आणि हायड्रोजन तयार झाला. दूरदर्शनवर आपण पाहिलेले स्फोट त्या हायड्रोजनचे होते. अणुबाँबसारखा स्फोट वीज केंद्रात होऊच शकत नाही, तेवढं समृद्ध युरेनियमच तिथे नसतं. पण त्याने कुणाचं समाधान व्हावं असं काही नाही. दीड लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून गेली, आणि फुकुशिमा प्रांतात दोन हजारांवर माणसं, बहुतेक म्हातारी, किरणांनी नव्हे तर त्या हलवाहलवीत आणि तिच्या मागोमाग दगावली.

आपल्या देशातली घटना याच्या १८ वर्षं आधीची आहे आणि तिची आठवण फार थोड्यांना आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं ते धूड डगमगू लागलं, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन निसटला आणि पेटला, मागोमाग वंगणाचं तेल पेटलं. कर्मचाऱ्यांनी मिनिटाच्या आत भट्टी थांबवली. पण आग केबलींपर्यंत पोहोचली. नेहमीच्या विजेच्या आणि तिच्या पर्यायाच्या केबली एकाच मार्गाने टाकलेल्या होत्या, मधे आगीला अडवणारी भिंत नव्हती. सगळ्या एकदम गेल्या. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि तो सोडावा लागला. पुढचे सुमारे सतरा तास त्या केंद्रात वीज नव्हती. भट्टीचं तापमान किती, दाब किती, हे दाखवणारे काटेही मेलेले.

मग माणसं कामाला लागली. काही जण टॉर्चच्या उजेडात भट्टीच्या इमारतीवर चढले आणि साखळी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून बोरॉनचं द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप सुरू करून त्यांचं पाणी बॉयलरमध्ये सोडलं गेलं. भट्टीतलं जड पाणी कुठल्याही पंपाशिवाय, तापलं की वर आणि निवलं की खाली, असं आपलं आपण फिरत राहिलं आणि आच बॉयलरच्या पाण्यात टाकत राहिलं. इंधन शाबूत राहिलं, किरणोत्सार बाहेर आला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. मला ती फुकुशिमापेक्षा जास्त शिकवणारी वाटते, कारण दोष अणूचा नव्हता. पात्यांचा होता, तेलाचा होता, केबली टाकणाऱ्याच्या सोयीचा होता. चार पर्याय एका चरात टाकले की तो एकच पर्याय उरतो. फुकुशिमाची जनित्रंही अशीच एका तळघरात होती.

म्हणून एखादं केंद्र सुरक्षित का, असं विचारणाऱ्याने 'स्फोट होईल का' यात वेळ घालवू नये. वीज, पर्यायी वीज, त्याचा पर्याय आणि पाणी हे सगळं एका पुरात, एका आगीत, एका माणसाच्या आळसात जाऊ शकतं का, हे विचारावं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या याच कारणाने चर्चेत राहिल्या. त्या फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच जनरल इलेक्ट्रिकच्या, तिच्याहून थोड्या आधीच्या. मूळ २१० मेगावॉटच्या, पुढे १६० वर उतरवलेल्या. १९७४ च्या पोखरणच्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडला, तेव्हा फ्रान्स, चीन, रशिया असं दारोदार जाऊन त्या चालवाव्या लागल्या. २०११ नंतर त्यांत बाहेरून पाणी सोडण्याच्या जागा, हवेने थंड होणारी जनित्रं अशा सोयी वाढवल्या गेल्या, आणि २०२० मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या. ही कामं झाली हे चांगलंच. पण ती पुरेशी आहेत हे ठरवणारी संस्था, १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, केंद्रं चालवणाऱ्या खात्यापासून पुरती मोकळी नाही, हा आक्षेप महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नोंदवला होता. परीक्षा घेणारा आणि देणारा एका घरात राहत असतील, तर निकाल खरा असूनही लोकांना तो खरा वाटत नाही. त्यात तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. जैतापूरच्या नियोजित केंद्राविरुद्ध माडबन-साखरीनाट्याची माणसं आंदोलनाला उभी राहिली, तेव्हा त्यांच्या मनात फुकुशिमाइतकंच तारापूरही होतं.

वापरलेल्या जुडग्याचंही सांगायला हवं. हातमोजे घालून आत टाकलेला तोच जुडगा वर्षाने बाहेर येतो तेव्हा त्याच्याजवळ उघड्यावर उभं राहिलेला माणूस वाचणार नाही. म्हणून भट्टी चालू असतानाच यंत्रं त्याला एका टोकाने ढकलून दुसऱ्या टोकाला काढतात आणि तो थेट पाण्याखाली जातो, काही मीटर खोल. तिथे तो वर्षानुवर्षं निवत बसतो. त्यातला घातक आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मा होतो. तोच बाहेर सुटला तर गवतातून दुधात आणि दुधातून लहान मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जातो. चेर्नोबिलनंतर मुलांना झालेले कर्करोग मुख्यतः याच वाटेने आले, दूध वेळीच थांबवलं नाही म्हणून. सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. तो मातीत राहतो.

तारापूर आणि यवतमाळ यांच्यात अख्खा महाराष्ट्र आहे, पण तारेने ते एकत्रच बांधलेले आहेत. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं, तेव्हापासून देशभराची वीज एका ठेक्यात, सेकंदाला पन्नास आवर्तनांवर, चालते. यवतमाळच्या जिनिंगमध्ये मोटार सुरू झाली किंवा दारव्ह्याच्या शेतकऱ्याने रात्रीच्या लायनीवर ओलितासाठी पंप लावला, की त्याचा भार सूक्ष्म रूपाने तारापूरच्या टर्बाइनलाही जाणवतो.

केंद्रं मात्र समुद्राकाठीच राहतील असं नाही. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यात, बरगी धरणाच्या काठी, चुटका इथे ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची योजना आहे. विदर्भापासून ते फार लांब नाही. समुद्र नसलेल्या ठिकाणी मनोऱ्यांतून पाणी उडवून वाफ निववावी लागते, युनिटमागे अडीच-तीन लिटर. ५४० मेगावॉटची एक भट्टीसुद्धा दिवसाला तीन-साडेतीन कोटी लिटर पाणी अशाने हवेत सोडेल. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणं आटल्यावर टँकरमागे धावलेल्या यवतमाळकराला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. कोळशाच्या केंद्रालाही जवळपास एवढंच पाणी लागतं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण तळाला गेलं तेव्हा चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते. बॉयलर थंड झाले, वीज कमी पडली, भारनियमन वाढलं आणि पावसाळ्यात गाडी रुळावर आली. अणुभट्टीही अशा वेळी बंद करता येते, तशी ती करतातही. फक्त बंद केल्यावरही तिच्या वाट्याचं पाणी धरणात वेगळं राखून ठेवावं लागतं, आणि ते गावाच्या नळाला किंवा शेताच्या पाटाला सोडता येत नाही.